नवव्यांदा पाहताना काय पाहायचं

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक ३१ वर्षांचे आहेत. ऑफिसातल्याच एका सहकारी मुलीशी त्यांची १४ महिने जवळीक होती. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली होती, "मला सध्या कशातच अडकायचं नाहीये." हे म्हणाले, "चालेल." पुढे सिनेमे, सहली, आजारपणातली जागरणं सगळं झालं, नात्याला नाव तेवढं पडलं नाही. ८ महिन्यांपूर्वी तिने ते थांबवलं आणि आता तिचं लग्न ठरलंय, तेही ४ महिन्यांपूर्वी भेटलेल्या माणसाशी. दरम्यान यांनी '(५००) डेज ऑफ समर' हा सिनेमा आठ वेळा पाहिला. एकाच ऑफिसातले टॉम आणि समर, आणि त्याला सोडून जाणारी समर, अशी त्याची गोष्ट. "यातला टॉम म्हणजे मी" अशी त्यांची खात्री पटली आहे, आणि त्याच धर्तीवर स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या पटकथेची ३८ पानंही लिहून झाली आहेत. त्यांचे प्रश्न तीन. तिने मला फसवलं का? तिच्या लग्नाआधी या सिनेमाची लिंक "हे आपलंच आहे" एवढंच लिहून पाठवू का? (बहीण नको म्हणते.) आणि पटकथा वाचून मित्र म्हणाला, "हा सिनेमा नाही, तक्रार अर्ज आहे." त्याचं खरं मानायचं का?

लिंक पाठवू नका. लग्नाची तारीख जवळ येतेय म्हणून हे आधी सांगून टाकलं. कारणं पुढे येतील.

आता सिनेमाबद्दल. तुम्ही टॉम आहात हे मान्य करू. प्रश्न असा आहे की आठ वेळा पाहूनही हा सिनेमा टॉमच्या बाजूचा आहे असं तुम्हाला वाटतं कसं? अर्थात तुम्ही एकटे नाही. २००९ साली आल्यापासून थिएटरातून बाहेर पडताना अर्धे प्रेक्षक "समर किती निर्दय" असंच म्हणत आलेत. टॉमचं काम केलेल्या जोसेफ गॉर्डन-लेव्हिटलाच शेवटी २०१८ मध्ये एका प्रेक्षकाला जाहीरपणे सांगावं लागलं की पुन्हा बघा, चूक बहुतांशी टॉमची आहे, तो ऐकतच नाही. नटानेच आपल्या पात्राविरुद्ध साक्ष द्यावी असं क्वचित होतं.

सुरुवातीची पाटी आठवा. 'जिवंत वा मृत व्यक्तींशी साम्य आढळल्यास निव्वळ योगायोग' ही नेहमीची ओळ येते, मग 'विशेषतः तू' म्हणून एका बाईचं नाव, आणि खाली एक शिवी. थिएटर हसतं. पण त्या एका शिवीत दिग्दर्शक मार्क वेबने आणि लेखक स्कॉट न्यूस्टॅडटर व मायकेल वेबर यांनी पत्ते उघडे टाकलेत: जो माणूस हे सांगतोय तो चिडलेला आहे, त्याच्या शब्दावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा. पाठोपाठ निवेदक बजावतो की ही प्रेमकथा नाही. म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच दोनदा सावध करून झालेलं असतं. त्यानंतर आपण समरला पाहतो ती टॉमच्या डोळ्यांतून. तिच्या घरी ती एकटी असताना काय करते, तो नसताना कशाला हसते, हे या सिनेमात जवळजवळ नाहीच. काहींना हा दोष वाटतो. मला तो या सिनेमाचा विषयच वाटतो.

आणि टॉम असा झाला कसा, याचंही कारण निवेदक सांगून टाकतो. लहानपणी ऐकलेली उदास ब्रिटिश गाणी, आणि 'द ग्रॅज्युएट' या १९६७ च्या सिनेमाचा पार उलटा लावलेला अर्थ. त्या सिनेमाच्या शेवटी लग्नमंडपातून पळालेली जोडी बसच्या मागच्या सीटवर येऊन बसते, आधी हसते, आणि मग हळूहळू दोघांच्याही चेहऱ्यावरचं हसू विरत जातं. लहानग्या टॉमला त्यात फक्त प्रेमाचा विजय दिसला. मोठेपणी तोच शेवट पाहताना समर हमसून रडते आणि टॉमला कळतच नाही की ही का रडतेय. त्याच दिवशी ती नातं थांबवते. सिनेमा चुकीचा वाचणाऱ्या माणसावरचा हा सिनेमा आहे, आणि तुम्ही तो आठ वेळा चुकीचा वाचलात. राग मानू नका, पण याच्याइतका विनोद तुमच्या ३८ पानांत अजून आलेला नाही.

फसवणुकीकडे येऊ. समर आपली भूमिका दोनदा बोलून दाखवते. एकदा ऑफिसच्या मंडळींबरोबरच्या कॅरिओकेच्या रात्री: कुणाची गर्लफ्रेंड होणं मला मानवत नाही, प्रेमबिम काही नसतं. दुसऱ्यांदा फर्निचरच्या त्या अवाढव्य दुकानात. दोघं तिथल्या नमुन्याच्या खोल्यांत नवरा-बायको असल्यासारखे वावरतात, नळाला पाणी नाही म्हणून विनोद करतात, आणि त्या खोट्या घरातच ती खरं वाक्य बोलते की मला गंभीर असं काही नकोय, चालेल ना? टॉम हो म्हणतो. नट-लेखकांनी ते इतक्या सहज उरकलंय की प्रेक्षकाच्याही कानावरून जातं. पळत सुटलेल्या, हसणाऱ्या जोडप्याच्या चित्रापुढे त्या वाक्याचं काय चालणार!

तुमच्या पत्रात 'चालेल' हा शब्द चार वेळा आलाय. चारही वेळा तुमच्या तोंडी. अडकायचं नाही, चालेल. घरच्यांना सांगायला नको, चालेल. सुट्टीत मी एकटीच जाणार, चालेल. शेवटचा तर ती थांबूया म्हणाली तेव्हाचा. यातला एक तरी खरोखर चालणार होता का? तुम्ही होकार दिला नव्हता, उधारीवर माल उचलला होता. आत्ता तिच्या अटी मान्य करू, पुढे ती आपोआप बदलेल, तेव्हा वसूल होईल. तिला या खात्याची कल्पनाच नव्हती. मग थकबाकीची नोटीस तिच्या नावे कशी निघेल?

याचा अर्थ ती धुतल्या तांदळासारखी असा नाही. सिनेमाही समरला मोकळं सोडत नाही. बारमधल्या मारामारीनंतर दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. आपण फक्त मित्र आहोत असं ती म्हणते, आणि टॉम तिला एकेक प्रसंग मोजून दाखवतो. मित्र असं वागतात का? त्याचा मुद्दा बिनतोड आहे. रात्री ती भिजत त्याच्या दाराशी येते, माफी मागते, पण तो जेव्हा भरवसा मागतो, उद्या सकाळी उठून तुझं मन पालटणार नाही एवढं सांग म्हणतो, तेव्हा ते मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही, असं म्हणते. प्रामाणिक उत्तर आहे, आणि तरी त्या रात्री ती त्याच्या घरी राहते. पुढे सहकारी मुलीच्या लग्नात ती त्याच्याबरोबर नाचते, घरच्या पार्टीला बोलावते, आणि आपलं लग्न ठरतंय याचा चकार शब्द काढत नाही. याला बेफिकिरी म्हणा, भित्रेपणा म्हणा. तुमच्या बाबतीतही आजारपणातल्या जागरणांनंतर "आपलं आधीचंच ठरलंय ना?" असं एकदा विचारणं तिचं काम होतं. तिने ते केलं नाही. पण फसवणूक करायची तर आधी काहीतरी लपवावं लागतं, आणि तिने जे लपवलं असा तुमचा आरोप आहे ते तिने पहिल्याच महिन्यात स्वच्छ मराठीत सांगितलं होतं.

मग ४ महिन्यांत लग्न कसं ठरलं? हा तुमचा सगळ्यात दुखरा प्रश्न, आणि बाकावरच्या शेवटच्या भेटीत टॉमही तोच विचारतो. समरचं उत्तर असं की एक दिवस उठले आणि कळलं, तुझ्या बाबतीत ज्याची कधीच खात्री वाटली नाही ते. हे ऐकायला भयंकर आहे. पण त्यात आधीचं वाक्य खोटं ठरत नाही. 'मला अडकायचं नाही' हे वाक्य त्या तारखेला खरं होतं. ते 'कधीच नाही' असंही नव्हतं आणि 'तू थांब, मग बघू' असंही नव्हतं. तुम्ही मात्र दुसरा अर्थ घेऊन १४ महिने बसलात.

आता नववी खेप. सिनेमा ९५ मिनिटांचा आहे. थांबत थांबत पाहायचा तर तीन तास हाताशी ठेवा, आणि दिवसा पाहा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे समर जे शब्द प्रत्यक्ष उच्चारते तेवढेच, उजवीकडे त्यावर टॉम लगेच काय करतो ते. तिचे हावभाव, गाणी, प्रकाश यातलं काही लिहायचं नाही. दोन-अडीच पानं भरतील. भरली की फक्त डावी बाजू सलग वाचा.

त्याच वेळी पडद्यावर येणारे दिवसांचे आकडे समासात टिपत जा. सिनेमा सुरू होतो तो ४८८व्या दिवशी, बाकावर, तिच्या हातातल्या अंगठीवर. मग पहिला दिवस, मग एकदम २९०वा, ज्या दिवशी ती नातं संपवते. आकड्यामागे झाडाचं चित्र असतं, कधी हिरवं, कधी झडलेलं. पुढचा प्रसंग नात्याच्या कुठल्या मोसमातला ते तेच सांगतं. सिनेमा संपला की हे प्रसंग १ ते ५०० असे क्रमाने पुन्हा मांडा. उलटसुलट क्रमात सुखाचा दिवस आणि दुःखाचा दिवस शेजारी येतात, म्हणून कोसळणं अचानक वाटतं. फर्निचरच्या दुकानात एका तुकड्यात नळाच्या विनोदावर दोघं खिदळतात आणि त्याला लागूनच असलेल्या तुकड्यात त्याच दुकानात टॉमचा तोच विनोद पडतो, ती पुढे चालत राहते. मधे कितीतरी महिने गेलेत. सरळ क्रमाने लावलं की उतार दिसतो, पायरी पायरीने.

तुमची स्मरणशक्तीही गेले ८ महिने असंच उलटसुलट संकलन करतेय. तेव्हा हाच प्रयोग स्वतःच्या १४ महिन्यांवर करा. फोनमधले फोटो, तिकिटं, मेसेज यांच्या आधाराने ३० ते ४० नोंदी पुरेत. प्रत्येक नोंदीत तारीख, जागा, ती काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात. विशेषणं नकोत. 'ती गोड हसली' हे बाद. 'ती हसली' चालेल. एका बैठकीला तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका. हा प्रयोग फसतो तो नेहमी एकाच ठिकाणी: माणूस तारीख शोधायला चॅट उघडतो आणि पहाटे तीनपर्यंत चॅटच वाचत बसतो. म्हणून नोंदी करताना बहिणीला शेजारी बसवा, फोन तिच्या हातात द्या, तारीख ती सांगेल. सिनेमातही टॉमला शुद्धीवर आणणारी त्याची धाकटी बहीणच आहे. पुढच्या वेळी मागे वळून बघशील तेव्हा नीट बघ, असं ती सांगते, आणि मग तेच प्रसंग पुन्हा दिसतात. तेच रेकॉर्डचं दुकान. पण या खेपेला कॅमेरा अर्धा सेकंद जास्त थांबतो आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नसतं.

अजून एक यादी. टॉमला समरचं काय काय आवडतं हे तो सांगतो: हसू, केस, गुडघे, मानेवरची बदामाच्या आकाराची खूण. नातं तुटल्यावर तेच तुकडे पुन्हा येतात, आता त्याला त्या सगळ्याचा तिटकारा आहे. दोन्ही याद्यांत तिला काय हवं होतं याचा पत्ता नाही. तुमचं पत्र पुन्हा वाचलं. तिच्या हसण्यावर अकरा ओळी आहेत, तिच्या चांदीच्या अंगठीवर तीन. ती त्या वर्षी स्वतःचं काय करू पाहत होती यावर अर्धी ओळ: "तेव्हा तिची कसलीतरी परीक्षा होती बहुतेक." बहुतेक! १४ महिन्यांत परीक्षा कसली हे ठाऊक नसेल, तर तुम्ही ज्या मुलीला मुकलात ती आणि जिचं आता लग्न ठरलंय ती, या एकच आहेत का हे तपासून बघायला हवं. सिनेमात नायकाच्या आयुष्यात रंग भरायला अवतरणाऱ्या, स्वतःला काहीच नको असलेल्या अशा मुलीला नेथन रॅबिन या समीक्षकाने २००७ मध्ये 'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल' असं नाव दिलं. समर वरवर तशी दिसते. पण तिला तसं पाहणारा टॉम आहे.

आता लिंक. तुमचं म्हणणं असं की सिनेमाच सगळं बोलेल, मला बोलावं लागणार नाही. तीच तर अडचण आहे. अर्थ लावायचं काम तिच्यावर पडणार, आणि ती सिनेमा लावणार तर पहिल्या अर्ध्या मिनिटात तिच्यापुढे काय येणार? ती पाटी. शिवीसकट. पुढचं काही पाहण्याआधी तिचा समज होऊन गेलेला असेल. शिवाय एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसावी. न्यूस्टॅडटरने हा सिनेमा स्वतःच्या खऱ्या प्रेमभंगावर लिहिला. २००२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना ती मुलगी त्याला भेटली होती. पुढे त्याने पटकथा तिला वाचायला दिली. आपण त्याच्यावर एवढा परिणाम केलाय याचा तिला पत्ताही नव्हता. वाचून ती म्हणाली, मला तर टॉम जास्त जवळचा वाटला. तुमच्या लिंकला "अगदी बरोबर, मी पण टॉमच" असं उत्तर आलं तर? आणि काहीच उत्तर आलं नाही, फक्त दोन निळ्या खुणा दिसल्या, तर त्या खुणांचा अर्थ लावण्यात पुढचे ८ महिने जातील.

लिहायचंच असेल तर दोन वाक्यं. लग्न ठरल्याचं कळलं, आनंद वाटला. तुला शुभेच्छा. त्यात सिनेमा नाही, गाणं नाही, आठवण नाही, प्रश्न नाही. मसुद्यात दोन आठवडे राहू द्या. दोन आठवड्यांत तिसरं वाक्य आपोआप उगवलं, तर समजा की अजून वेळ झालेली नाही आणि मसुदा खोडून टाका. काहीच न पाठवणं हाही पर्याय आहे, आणि एकाच ऑफिसात रोज दिसणार असाल तर बहुधा तोच सोयीचा. समोरासमोर "अभिनंदन" म्हणायला मेसेज लागत नाही.

पटकथेकडे वळू, कारण ३८ पानं लिहिणारा माणूस नुसता रडत बसलेला नाही. मित्राचं खरं आहे, पण दुरुस्ती होण्यासारखी आहे.

तुम्ही सोबत पाठवलेल्या उताऱ्यात सबंध निवेदन 'मी'चं आहे. इथेच तक्रार अर्ज सुरू होतो. '(५००) डेज'मध्ये निवेदक टॉम नाही, हे नीट पाहा. एक भारदस्त, वयस्क, तिऱ्हाईत आवाज आहे, आणि तो टॉमच्या यातना माहितीपटात प्राण्यांच्या सवयी सांगाव्यात तशा सांगतो. टॉमने स्वतः सांगितलं असतं तर विनोद मेला असता. तेव्हा आधी सगळं निवेदन काढून टाका. मग फक्त ती वाक्यं परत घ्या जिथे आवाज एक म्हणतो आणि चित्र त्याच्या उलट दाखवतं. 'मी तिला केव्हाच विसरलो होतो' आणि पडद्यावर तुम्ही तिच्या जागेवरचा स्टेपलर सरळ करून ठेवताय. असं पाच-सहा ठिकाणी जमलं तरी भरपूर.

ढोबळ हिशोब एक पान म्हणजे एक मिनिट. ३८व्या पानापर्यंत तुमच्या गोष्टीत दोघांचं बिनसल्याची खूणही नाही. म्हणजे ३८ मिनिटं प्रेक्षक 'यांचं जुळणार कधी' याची वाट बघणार आणि मग तुम्ही त्याच्या हातावर तुरी देणार. तुटलेल्या नात्याच्या विनोदी सिनेमात शेवट आधी फोडावा लागतो. तुटणार हे कळलं की 'जुळेल का' हा प्रश्न निकालात निघतो, 'का तुटलं' हा सुरू होतो, आणि प्रत्येक गोड प्रसंगाला आपोआप धार येते. तुमचा ब्रेकअप पहिल्या पाच पानांत आणा.

मग पत्ते. पुठ्ठ्याचे ४०-५० तुकडे, एका तुकड्यावर एक प्रसंग, कोपऱ्यात दिवसाचा आकडा, चांगल्या दिवसाला एक रंग, वाईट दिवसाला दुसरा. आधी सरळ क्रमाने लावा. सरळ क्रमात गोष्ट कळत नसेल तर ती उलटसुलट करून कळणार नाही, गोंधळ फक्त झाकला जाईल. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. सरळ गोष्ट उभी राहिली की मगच पत्ते हलवा, आणि प्रत्येक उडीला एक सांधा द्या: तीच जागा, तीच वस्तू, तीच हालचाल. उत्तम नमुना सिनेमातच आहे. समरबरोबरच्या पहिल्या रात्रीनंतर टॉम रस्त्यावर नाचत सुटतो, अनोळखी माणसं त्याच्याबरोबर नाचतात, कार्टूनमधला पक्षीही येतो. तो तसाच ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरतो. दार बंद. आकडा पुढे पळतो. दार उघडतं, आणि विस्कटलेल्या केसांचा, झोप न झालेला टॉम बाहेर येतो. एक अक्षर न बोलता प्रेक्षकाला सगळं कळलं, आणि हसूही आलं. तुमच्या उताऱ्यात भूतकाळात जायला सहा वेळा 'खिडकीबाहेर पाहत तो आठवू लागतो' असं लिहिलंय. सहाही काढा.

ते 'अपेक्षा' आणि 'वास्तव' असं पडद्याचे दोन भाग करून दाखवलेलं दृश्य तुम्ही जवळजवळ तसंच उचललंय. उचला, पण ते कशामुळे चालतं ते समजून घ्या. डावीकडे अपेक्षा, उजवीकडे वास्तव, आणि दोन्हीकडे टॉम तोच जिना चढतो, तीच भेटवस्तू देतो. सुरुवातीला फरक फार बारीक आहे: डावीकडे ती बिलगते, उजवीकडे नुसतीच मिठी. मग फरक वाढत जातो आणि शेवटी अंगठी दिसते तेव्हा उजवी बाजू सबंध पडदा गिळून टाकते. तुमच्या दृश्यात पहिल्याच ओळीला डावीकडे लग्न आणि उजवीकडे कानाखाली. मग वाढायला जागाच उरली नाही. फरक फुलपात्रापासून सुरू करा, घागर पुढे भरेल. आणि दीड-दोन मिनिटांत आटपा, नाहीतर प्रेक्षक कुठल्या बाजूला बघायचं याच्या विचारात पडतो.

हशाची तपासणी: ३८ पानं दोघा-तिघांना मोठ्याने वाचून दाखवा, जिथे हशा येईल तिथे खूण करा. हशा नायकावर असेल तर गोल, तिच्यावर असेल तर फुली. फुल्या एक तृतीयांशाच्या वर गेल्या तर मित्र जिंकला.

शेवटाबद्दल. तुमच्या आराखड्यात ती लग्नाच्या आदल्या रात्री येते आणि "चुकले मी" म्हणते. हा शेवट वुडी ॲलनच्या 'ॲनी हॉल'ने १९७७ मध्येच वापरून संपवलाय. त्यातला नायक आपल्या मोडलेल्या प्रेमावर नाटक लिहितो, त्या नाटकात ती परत येते, आणि सिनेमा आपल्याला त्या नाटकाची तालीम दाखवतो. खोटं कुणी लिहिलंय ते डोळ्यांसमोर असतं, म्हणून हसू येतं आणि पोटात कालवतंही. तुम्हीही ती रात्र ठेवा, पण ती कागदावर लिहिणारा हात दाखवा. '(५००) डेज'चा शेवट मात्र उचलू नका. टॉम नोकरी सोडून पुन्हा वास्तुरचनेकडे वळतो तिथवर ठीक. मग मुलाखतीच्या जागी दुसरी मुलगी, तिचं नाव ऑटम, आणि आकडा पुन्हा १ वर. उन्हाळा गेला, शरद आला! एवढं कडू औषध धीराने पाजल्यावर वर साखरेचा खडा कशाला? बाकावरच संपला असता तर जास्त मुरला असता.

तिची खाजगी माहितीही जपा. नाव बदलणं पुरत नाही. तिचं काम, तुम्ही भेटलात ती परिस्थिती, तिच्या घरची रचना, अंगठी, यातलं सगळं बदला. तिचे मेसेज जसेच्या तसे वापरू नका; ते शब्द तिचे आहेत. आणि ऑफिसातल्या कुणालाही हे पान दाखवू नका, वाचून दाखवायला बाहेरची माणसं निवडा.

हे वाचणाऱ्यांत काही जण आणि जणी समरच्या जागी असतील. त्यांना एवढंच सांगायचंय की 'मला अडकायचं नाही' हे पहिल्या महिन्यात एकदा म्हणून भागत नाही. एकत्र सहल झाली, घरच्यांशी ओळख झाली, आजारपणात कुणी उशाशी बसलं, की ते वाक्य शिळं होतं. ते तेव्हा पुन्हा म्हणावं लागतं, आणि समोरच्याचा चेहरा बघत म्हणावं लागतं. आणि जे 'चालेल' म्हणणारे आहेत त्यांनी त्याच दिवशी स्वतःपुरतं लिहून ठेवावं की किती महिने चालेल आणि काय झालं तर चालणार नाही. ती तारीख आली की बोलावं. तारीख न घालता दिलेलं 'चालेल' पुढे फार महाग पडतं.

पटकथेचं ३९वं पान असं लिहून बघा. तिची खोली. टेबलावर परीक्षेची पुस्तकं. कुठली परीक्षा ते तुम्हाला आता ठरवावं लागेल, आणि नुसतं 'पुस्तकं' असं लिहून भागणार नाही, वर कुठलं आहे, खुणेला काय घातलंय तेही हवं. रात्रीचे अकरा. तुम्ही त्या खोलीत नाही. फोन थरथरतो, पडद्यावर तुमचं नाव. ती बघते, उचलत नाही, फोन पालथा ठेवते आणि पान उलटते. ती का उचलत नाही, हे त्या पानात लिहायचंय. कारण कुठलंही चालेल, फक्त त्यात तुम्ही नसावेत.